बोटाचं शेवटचं पेर

नाशिकहून एका वाचक बाईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांचे लेक-जावई अमेरिकेत ओहायोमध्ये भाड्याच्या घरात राहतात. त्यांनी पाळलेल्या बोक्यानं घरमालकाचा गालिचा उसवला आणि पडद्याच्या चिंध्या केल्या. तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी सुचवलं, की त्याची नखं एकदाच कायमची काढून टाका. हल्ली लेझरनं काढतात, दुखत नाही. बाई विचारतात : ‘म्हणजे आपण कापतो त्यापेक्षा जरा खोलवर कापायची, एवढंच ना? आणि तसं नको असेल तर दुसरा उपाय काय?’

पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ एवढं उत्तर पुरेसं आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर प्राण्यांच्या शरीरातल्या एका अतिशय देखण्या यंत्रणेची गोष्ट सांगायची राहून जाईल. शिवाय ती कळल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही नीट पटायचं नाही.

आपलं नख बोटाच्या टोकावर वरून बसवलेलं असतं. ते उपटलं गेलं तर जीव कळवळतो, पण काही महिन्यांत नवं येतं आणि बोटाची लांबी होती तेवढीच राहते. मांजराची रचना निराळी आहे. त्याच्या बोटाचं शेवटचं पेर, म्हणजे आतलं हाडच, पुढे निमुळतं होऊन खाली वळलेलं असतं. त्या हाडावर केराटिनचं टोकदार कवच चढलेलं असतं आणि दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असलेला जिवंत थर असतो. आपण ज्याला मांजराचं नख म्हणतो ते हे बाहेरचं कवच. ते तयार होतं हाडाच्या बुंध्याशी असलेल्या पेशींमधून. म्हणूनच नख पुन्हा उगवू नये असं वाटत असेल तर ते सगळं पेर सांध्यातून छाटून काढावं लागतं. मांजराला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं असतात. ही शस्त्रक्रिया बहुतेकदा पुढच्या दहा नखांची होते. दहा नखं म्हणजे दहा पेरं. माणसावर तीच करायची तर दोन्ही हातांची सगळी बोटं शेवटच्या सांध्यापाशी तोडावी लागतील.

लपवायला कष्ट नाहीत

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली आणि ती बघायला लोकांची रीघ लागली. ज्यांनी ती पाहिली असतील त्यांनी एक गोष्ट आठवून बघावी. वाघनखांच्या कड्या बोटांत अडकवायच्या आणि पाती तळव्याच्या बाजूला ठेवायची. ती लपवायची असतील तर बोटं मिटून धरावी लागतात. हात सैल सोडला, की शस्त्र उघडं पडलंच. म्हणजे लपवायला जोर लागतो आणि दाखवायला लागत नाही. निसर्गानं खऱ्या वाघनखांत, आणि वाघाच्या मावशीच्या नखांतही, हा हिशेब बरोबर उलटा करून ठेवला आहे.

गाढ झोपलेल्या मांजराचा पंजा हलकेच हातात घेतला तर मऊ गाद्या आणि केस याखेरीज बोटांना काही लागत नाही. मांजर झोपलेलं आहे, स्नायू ढिले आहेत, तरीही नखं आत आहेत. याचं कारण त्यांना आत ठेवायचं काम स्नायूंकडे नाहीच. ते काम बोटाच्या वरच्या बाजूच्या लवचीक अस्थिबंधांकडे आहे. हे अस्थिबंध शेवटच्या पेराला सतत वर आणि मागे ओढून धरतात, आणि त्यासाठी शरीराला काहीही खर्च करावा लागत नाही. मधल्या पेराचं हाडही यासाठी खास घडलेलं असतं. ते एका बाजूनं खोलगट असतं. मागे आलेलं नख त्या खोलगट भागात, हाडाच्या शेजारी, आडवं होऊन बसतं.

नख बाहेर काढायचं म्हटलं, की मात्र मेहनत करावी लागते. आपण ज्या प्रकारच्या स्नायूनं मूठ वळतो तशाच स्नायूचा कंडरा मांजराच्या शेवटच्या पेराच्या खालच्या बाजूला जोडलेला असतो. तो ओढला जातो, अस्थिबंध ताणले जातात आणि नख पुढे येतं. आता नुसता हाच स्नायू आवळला असता तर बोटही मुडपलं असतं. तसं होऊ नये म्हणून बोट सरळ करणारा स्नायू त्याच क्षणी उलट बाजूनं ताण देतो. बोट ताठ राहतं आणि फक्त शेवटचं पेर वळतं. दोन परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी ओढतात तेव्हा पंजा उघडतो, आणि हे सगळं व्हायला डोळ्याची पापणी लवते तेवढाही वेळ लागत नाही.

या यंत्रणेचा बारकाईनं अभ्यास विल्यम गोन्या आणि रॉबर्ट अॅशवर्थ यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केला. मांजरकुळातल्या आणि इतर मांसाहारी प्राण्यांच्या पंजांची त्यांनी तुलना केली होती. हे गोन्या माझे आवडते, आणि त्याचं कारण त्यांचं पुढचं काम आहे. खाऊच्या बदल्यात एका पायानं वजन उचलायला त्यांनी मांजरांना शिकवलं. मांजर कुणाचंही ऐकत नाही असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. व्यायामानं स्नायूंतले तंतू नुसते जाड होतात की त्यांची संख्याही वाढते, हा त्यांचा प्रश्न होता. संख्याही वाढते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यावरून शरीरशास्त्रज्ञांत पुढे बरीच वर्षं खडाजंगी चालली. आज व्यायामशाळांत रंगणाऱ्या त्या वादाच्या मुळाशी वजनं उचलणारी मांजरं आहेत, हे तिथल्या पैलवानांना कुणी सांगत नाही.

मांजर खरवडतं कशासाठी

नख लपलेलं असल्यानं झिजत नाही. कुत्र्याची नखं चालताना जमिनीवर घासली जातात, तशी सोय मांजराला नाही. मग धार राखायची कशी? नखाचं कवच थरांनी बनलेलं असतं. आतून नवा थर येत राहतो आणि बाहेरचा जुना होऊन भेगाळतो. मांजर पंजे रोवून खाली ओढतं तेव्हा हा जुना थर निसटतो आणि आतलं नवं अणकुचीदार टोक उघडं पडतं. सोफ्याखाली झाडताना नखाच्या आकाराच्या पोकळ टरफलांसारखं काही सापडलं तर घाबरू नये, नख तुटलेलं नसतं. मागच्या पायांच्या नखांचा जुना थर मांजर दातांनी ओढून काढतं.

पण हे खरवडण्याच्या चार कामांपैकी पहिलं झालं. झोपून उठल्यावर पंजे उंचावर रोवून अंग मागे ताणलं, की खांद्यापासून पाठीपर्यंतचे स्नायू मोकळे होतात. हे दुसरं काम. तिसरं म्हणजे दिसणारी खूण : इथे मी राहतो. आणि चौथं म्हणजे वासाची खूण. मांजराच्या बोटांच्या मध्ये गंधग्रंथी असतात. खरवडताना त्यांचा स्राव त्या जागी लागतो. आपल्या नाकाला तो कळत नाही, मांजरांना कळतो. म्हणूनच मांजर कोपऱ्यातली अडगळ सोडून नेमका दिवाणखान्यातला सोफा निवडतं. पाटी गल्लीच्या तोंडाशी लावायची असते, परसात नाही.

या चारांपैकी एकही काम खोडसाळपणाचं नाही. त्यामुळे ‘ही सवय मोडायची कशी’ असा प्रश्न विचारला, की उत्तर सापडत नाही. ही सवय कुठे वळवायची, असा विचारला तर लगेच सापडतं. त्याच्याकडे येतोच. आधी ही शस्त्रक्रिया आली कुठून ते पाहू.

मुलतानी माती आणि दहा पेरं

१९४७ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एडवर्ड लोव या तरुणाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. तोवर घरातल्या मांजराच्या विधीसाठी लोक वाळू किंवा चुलीतली राख वापरत. राखेनं मांजराचे पाय आणि मग सगळं घर काळं होई. लोवच्या वडिलांचा औद्योगिक शोषक पदार्थ विकण्याचा धंदा होता. लोवनं वाळूऐवजी तिला तिथली भाजलेली चिकणमाती दिली. ही माती आपल्याकडे ज्या मुलतानी मातीचे लेप लावतात त्याच जातकुळीतली. शेजारीण खूश झाली. लोवनं पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, त्यांवर ‘किटी लिटर’ लिहिलं आणि ६५ सेंटला एक अशा विकायला ठेवल्या. वाळू कवडीमोल मिळत असताना ही कोण विकत घेणार, असं दुकानदाराला वाटलं होतं. पुढे यातून अब्जावधींचा उद्योग उभा राहिला.

या मातीनं मांजर चोवीस तास घरात राहू लागलं. अंगण सुटलं, झाडाचं खोड सुटलं, कुंपणाचं लाकूड सुटलं, आणि खरवडायला उरला तो सोफा. १९५२मध्ये शिकागोच्या ए. जी. मिसनर या पशुवैद्यांनी अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात मांजराची नखं काढण्याची पद्धत लिहून पाठवली. मातीची पिशवी आणि ही शस्त्रक्रिया यांत अंतर अवघ्या पाच वर्षांचं आहे. एकामुळे दुसरी आली असा पुरावा माझ्याकडे नाही, पण दोन्हींच्या मागचं बदललेलं घर एकच आहे असं मला वाटतं. शस्त्रक्रिया मात्र झपाट्यानं पसरली. २००१च्या एका अंदाजानुसार अमेरिकेतल्या पाळीव मांजरांपैकी जवळपास पाव मांजरांची नखं काढलेली होती. नसबंदी करायची तेव्हाच हेही उरकून घ्यायचं, असा सर्रास रिवाज होता.

आता लेझरबद्दल. लेझरनं कापताना रक्तस्राव कमी होतो, हे खरं. पण सांधा तोच आणि हाडही तेच. मांजर पायावर किती भार टाकतं हे मोजणाऱ्या पट्टीवरून मांजरांना चालवून २००७मध्ये पात्याची आणि लेझरची तुलना केली गेली. पहिल्या एक-दोन दिवसांत लेझरवाली मांजरं पायावर थोडा जास्त भार टाकत होती.  ‘लेझरनं दुखत नाही’ ही जाहिरात मुख्यतः त्या पहिल्या एक-दोन दिवसांच्या फरकावर उभी आहे.

दूरच्या परिणामांबद्दल सर्वाधिक उल्लेख होतो तो निकोल मार्टेल-मोरान आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या अभ्यासाचा. त्यांनी २७४ मांजरं तपासली. त्यांतल्या १३७ मांजरांची नखं काढलेली होती, १३७ मांजरांची शाबूत होती. नखं काढलेल्यांपैकी ६३ टक्के मांजरांच्या पंजात क्ष-किरण चित्रात छाटलेल्या हाडाचे तुकडे राहिलेले दिसले. या गटात पाठदुखीची, चावण्याची आणि ठरलेल्या जागेबाहेर घाण करण्याची शक्यता लक्षणीयरीत्या जास्त आढळली. हा मागे वळून केलेला अभ्यास आहे. मुळातच चावऱ्या मांजरांची नखं जास्त काढली गेली असतील, ही शक्यता त्यानं पुरती मोडीत निघत नाही. पण हाडाचे तुकडे हा स्वभावाचा प्रश्न नव्हे, ते चित्रात दिसतात. आणि मांजर चवड्यावर, बोटांवर चालणारा प्राणी आहे. बोटांची टोकंच छाटली, की भार मागे सरकतो आणि चाल बदलते. हुळहुळ्या पंजांनी खरखरीत मातीत उभं राहणं नको वाटलं, की मांजर मऊ जागा शोधतं. कधी तो गालिचा असतो, कधी अंथरूण. लोव यांच्या मातीनं जो प्रश्न सोडवला होता, तोच अशा घरांत शस्त्रक्रियेनं परत आणला.

हेन्सेलबाईंचा जंतू

नखं काढायला आणखी एक कारण दिलं जातं, ते रोगाचं. मांजराच्या ओरखड्यानंतर ताप येणं आणि काखेत किंवा मानेत गाठ सुजणं, या आजाराचं वर्णन पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रोबेर दब्रे यांनी १९५०मध्ये केलं. जंतू कोणता, हे पुढची चाळीस वर्षं कळलं नाही. १९८३मध्ये अमेरिकी लष्कराच्या वॉशिंग्टनमधल्या विकृतिशास्त्र संस्थेला रुग्णांच्या गाठींत जंतू दिसले. पुढे तिथे एक जंतू वाढवलाही गेला आणि १९९१मध्ये त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच त्याचं नाव ‘अफिपिया फेलिस’ ठेवण्यात आलं.  अडचण एकच होती. तो जंतू खरा गुन्हेगार नव्हता.

खरा जंतू सापडला ओक्लाहोमात. तिथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डायेन हेन्सेल नावाच्या तंत्रज्ञ होत्या. एड्सचे रुग्ण आणि इतर काही जणांना येणाऱ्या गूढ तापाचा तिथे शोध चालला होता. रक्तातून वाढवलेला हा जंतू इतका सावकाश वाढतो, की वसाहती दिसायला एकापासून कित्येक आठवडे लागतात. नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे काही दिवसांत बशी फेकून दिली, की शोधही कचऱ्यात जातो. १९९०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या जंतूवर जो लेख आला त्याच्या लेखकांत हेन्सेल यांचं नाव आहे. १९९२मध्ये जंतूला त्यांच्यावरूनच नाव मिळालं. आज तो ‘बार्टोनेला हेन्सेले’ म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी रसेल रेग्नरी यांच्या गटानं ओरखडा-तापाच्या रुग्णांचं रक्त तपासलं आणि बहुतेकांच्या रक्तात याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. पाठ्यपुस्तकांत हेन्सेल यांचं नाव जंतूच्या आडनावापुरतं उरलं आहे. ती बाई कोण, हे कुणी विचारत नाही. प्रयोगशाळेत बशीकडे रोज बघणाऱ्या माणसांच्या वाट्याला हे नेहमीच येतं.

नखांच्या दृष्टीनं महत्त्वाचा दुवा १९९६मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्रुनो शोमेल यांनी जोडला. बाधित मांजरांच्या अंगावरच्या पिसवा त्यांनी निरोगी पिल्लांवर सोडल्या आणि पिल्लांना बाधा झाली. हा जंतू पिसवांच्या विष्ठेत असतो. अंग खाजवताना ती विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून आपल्यापर्यंत येते. म्हणजे नख हा वाटेतला टप्पा आहे आणि आजाराचं मूळ आहे पिसू. पिसवांचं औषध वेळेवर लावणं हा त्यावरचा खरा उपाय. एचआयव्हीबाधितांसाठीच्या अमेरिकी आरोग्ययंत्रणेच्या मार्गदर्शनातही मांजराची नखं काढून टाकण्याचा सल्ला दिलेला नाही.

आपल्याकडे मात्र ओरखड्याबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, ती म्हणजे रेबीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात रक्त न आलेला ओरखडाही लशीसाठी पुरेसं कारण आहे. बाहेर भटकणाऱ्या किंवा लस न दिलेल्या मांजरानं ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हळद, चुना असलं काही जखमेत भरू नये.

आठ शहरांची शर्यत

या शस्त्रक्रियेविरुद्धची अमेरिकेतली मोहीम घरच्या मांजरांपासून सुरू झालीच नाही. जेनिफर कॉनराड या पशुवैद्य वाघ-सिंहांवर उपचार करत. सिनेमा आणि सर्कशीच्या धंद्यातल्या, नखं काढलेल्या वाघ-सिंहांना चालताना होणाऱ्या यातना त्यांनी पाहिल्या आणि त्यांचे पंजे दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्या प्रयत्नांमुळे २००३मध्ये वेस्ट हॉलिवूड या छोट्या शहरानं मांजराची नखं काढण्यावर बंदी घातली. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. कॅलिफोर्नियाची पशुवैद्यक संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली, खाली जिंकली आणि २००७मध्ये अपिलात हरली. मग राज्यानं कायदा केला, की १ जानेवारी २०१०पासून शहरांना अशा बंद्या घालता येणार नाहीत. त्याचा परिणाम असा झाला, की मुदत संपायच्या आत लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोसह आणखी सात शहरांनी घाईघाईनं बंदी मंजूर करून टाकली. अडवायला केलेल्या कायद्यानं कामाला इतका वेग दिल्याचं उदाहरण विरळाच.

इस्राएलनं २०११मध्ये बंदी घातली, न्यूयॉर्क राज्यानं २०१९मध्ये. युरोपात पाळीव प्राण्यांविषयीच्या १९८७च्या करारानं ही शस्त्रक्रिया आधीच नाकारली होती. वाचक बाईंच्या लेकीला उपयोगी पडेल असा तपशील म्हणजे, कॅलिफोर्नियात २०१३पासून घरमालकाला ‘मांजराची नखं काढली तरच घर देईन’ अशी अट घालता येत नाही. ओहायो म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे, पण घरमालकाशी बोलताना हा दाखला देता येईल.

अमेरिकन पशुवैद्यक संघटनाही आता ही शस्त्रक्रिया करू नये असंच सुचवते. कंडरा कापून नख बाहेर येणंच बंद करण्याचा जो पर्याय काही ठिकाणी सांगितला जातो, त्याचीही ती शिफारस करत नाही. त्यात हाड राहतं, पण नख वाढतच राहतं आणि मांजराला ते झिजवता येत नाही. मग जन्मभर ते आपण कापत बसायचं. जे आपण कापायचंच आहे, त्यासाठी कंडरा तोडायचा कशाला?

मग करायचं काय

पहिलं, खरवडायला खांब द्यायचा. २०१६मध्ये कॉलीन विल्सन आणि सहकाऱ्यांनी चार हजारांहून अधिक मांजरपालकांकडून माहिती गोळा केली. दोर गुंडाळलेला, किमान तीन फूट उंचीचा उभा खांब मांजरं जास्त वापरतात आणि तो वापरल्यावर खाऊ मिळाला तर आणखी वापरतात, असं त्यातून दिसलं. दुकानातले बरेचसे खांब दीड फुटी आणि हलके असतात. मांजर त्यावर एकदा पंजे रोवतं, खांब डुगडुगतो किंवा अंगावर येतो, आणि मांजर पुन्हा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. परदेशी खांबांवर जो सिसलचा दोर असतो तो घायपाताचाच, आपल्याकडे ज्याला केकताड म्हणतात त्याचा. सुताराकडून दोन फुटी चौरस पाटावर साडेतीन फुटी दांडा पक्का करून घ्यावा आणि त्याला तो दोर घट्ट गुंडाळावा. काथ्या चालतो, ताणून बसवलेलं गोणपाटही चालतं. काही मांजरांना उभ्यापेक्षा आडवं खरवडायला आवडतं. त्यांना कुरिअरच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा जमिनीवर टाकून द्यावा. तो फुकट असतो.

खांब कुठे ठेवायचा, हे तो कसला आहे याइतकंच महत्त्वाचं. गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवला तर तो वाया गेला. तो सोफ्याच्या ओरबाडलेल्या बाजूला खेटून आणि मांजराच्या झोपायच्या जागेजवळ हवा. मांजर तिकडे वळलं, की सोफ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी. पंजाला चिकचिक लागलेली त्याला खपत नाही. खांब जुना आणि लोंबत्या धाग्यांचा झाला तरी लगेच फेकू नये. आपल्याला तो कळकट दिसतो, पण मांजराच्या वासाच्या सगळ्या खुणा त्यावर असतात. आणि पाण्याचा फवारा मारू नये, ओरडूही नये. त्यातून मांजर एवढंच शिकतं, की हा माणूस घरात असताना खरवडायचं नाही.

दुसरं, नखं कापायची. दर दोन ते चार आठवड्यांनी फक्त टोकं उडवावीत. बोटाला वरून आणि खालून अलगद दाबलं, की नख बाहेर येतं. बुडाशी गुलाबी दिसतो तो जिवंत भाग. त्याच्यापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून पारदर्शक टोक कापावं. नख काळं असेल तर अगदी शेंडाच घ्यावा. आपल्या नेलकटरनं नख चिरतं, म्हणून मांजराच्या नखांची छोटी कात्री घ्यावी. चुकून रक्त आलं तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरावं. मांजर पेंगुळलेलं असताना एका वेळी दोन-तीनच नखं घ्यावीत आणि प्रत्येक नखामागे सुकटीचा तुकडा द्यावा. अठराच्या अठरा एका बैठकीत उरकायचा हट्ट धरला, की पुढच्या वेळी कात्री दिसताच मांजर कपाटावर जाऊन बसतं.

तिसरा उपाय म्हणजे नखांवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या टोप्या. त्या चार ते सहा आठवडे टिकतात आणि कवचाच्या जुन्या थराबरोबर गळून पडतात. भाड्याच्या घरासाठी आणि थोड्या काळासाठी हा उपाय बरा आहे. ज्या मांजराला बाहेर जाऊन झाडावर चढावं लागतं, कुत्र्यापासून पळावं लागतं, त्याला मात्र त्या लावू नयेत.

चौथा उपाय गंधाचा. बोटांमधल्या स्रावाची नक्कल करून तो खांबावर लावायचं उत्पादन एका फ्रेंच कंपनीनं काढलं. त्यात निळा रंगही घातला, म्हणजे ओरखड्यांची दिसणारी खूणही होईल. कल्पना सुंदर आहे, पण त्याच्या परिणामाबद्दल चर्चेत असलेल्या चाचणीच्या लेखकांत कंपनीचीच माणसं आहेत. त्यावर पैसे घालवण्याआधी खांब सोफ्याशेजारी सरकवून पाहावा.

आणि नखांचा खरा आजार कसा ओळखायचा? म्हातारं, सांधे धरलेलं मांजर खरवडणं कमी करतं. जुने थर साचून नख जाड होतं, वळत वळत गादीत रुततं आणि मग मांजर लंगडू लागतं. अंगठ्याचं नख जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे ते आधी रुततं. थायरॉइड वाढलेल्या मांजरांची नखंही जाड आणि ठिसूळ होतात. वयस्क मांजराचं एखादं बोट सुजून नख बाहेरच राहत असेल तर ती नुसती जखम समजून थांबू नये. मांजरांत फुप्फुसाचा कर्करोग कधीकधी पंजाच्या बोटांत पसरतो आणि सर्वांत आधी दिसतो तो तिथेच. अशा वेळी एखादं पेर काढावंही लागतं. तो उपचार असतो. सोफ्यासाठी दहा पेरं काढण्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

आपल्याकडे या शस्त्रक्रियेचं नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नाही, आणि १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जनावराला विच्छिन्न करणं हा गुन्हा मानतो. पण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत पर्शियन मांजरं येऊ लागली आहेत, त्यांच्या मागोमाग महागडे सोफे आले आहेत, आणि इंटरनेटवरचे सल्ले तर सगळ्यांच्या आधी येऊन बसले आहेत. तेव्हा मांजर पाळायचं ठरवणाऱ्या घरांना एकच क्रम सुचवतो : आधी साडेतीन फुटी खांब आणावा, मग मांजर. सोफा घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी घ्यावा, आणि कापड निवडताना मांजराला दुकानात नेता येत नाही म्हणून दाट विणीचं घ्यावं.